दाताचा टवका उडाला किंवा दाढेला चीर गेली, तर काय करायचं

दाताचा टवका उडाला की माणूस आधी आरशाकडे धावतो. आरसा जरा थांबू द्या, पहिल्यांदा तो तुकडा शोधा. जमिनीवर, कपड्यांच्या घडीत, जिभेखाली, गालाच्या आत. सापडला की हलकेच धुवा, ब्रशने घासू नका, आणि छोट्या डबीत दुधात बुडवून ठेवा. दूध हाताशी नसेल तर सलाइन, तेही नसेल तर साधं पाणी चालेल. कोरडा मात्र ठेवू नका. मी दातांची डॉक्टर आहे, आणि तुकडा आणायचं ज्यांना सुचतं तेही बहुतेक वेळा तो कागदाच्या पुडीत गुंडाळून आणतात. सुकला की त्याचा रंग उतरतो, तो पांढराफटक पडतो आणि चिकटवल्यावरही दातावर वेगळा उठून दिसतो. असा तुकडा आम्ही आधी भिजवून घेतो, पण सुरुवातीपासून ओला राहिलेल्याची सर त्याला येत नाही. समोरच्या दाताला त्याचाच तुकडा परत बसतो तेव्हा रंग, आकार आणि कड जुळवायची वेळच येत नाही, सगळं मूळचंच असतं.

तुकडा सापडला नाही तर ‘गेला असेल पोटात’ म्हणून विषय सोडू नका. पोटात गेला असेल तर सहसा काहीच बिघडत नाही. पण तो आणखी दोन ठिकाणी जाऊ शकतो. पडताना ओठ फाटून सुजला असेल तर तुकडा कधीकधी ओठाच्या मांसातच रुतून बसतो. वरून टाके पडतात, तुकडा आत राहतो आणि ओठ काही केल्या बरा होत नाही. म्हणून टाके घालायच्या आधी ‘दाताचा तुकडा सापडलेला नाही’ असं स्पष्ट सांगा आणि ओठाचा एक्स-रे काढून घ्या. दुसरी जागा श्वासनलिका. दात तुटल्यापासून ठसका थांबत नसेल, श्वासाला शीळ वाजल्यासारखा आवाज येत असेल, तर दातांच्या दवाखान्यात येऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा.

डोक्याला मार लागला असेल तरी तेच. शुद्ध हरपली होती, उलटी झाली, गुंगी येतेय, काय झालं ते नीट आठवत नाही, यातलं एकही असेल तर आधी डोकं तपासून घ्या. दात मिटल्यावर वरचे-खालचे नेहमीसारखे बसत नसतील किंवा तोंड उघडताना जबडा एका बाजूला ओढला जात असेल तर जबड्याचं हाड मोडलेलं असू शकतं. दाताला थोडा उशीर झालेला निभावतो, इथे निभावत नाही.

हे काही नसेल तर कोमट पाण्याने हलकी चूळ भरा. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची किंवा सुती कापडाची घडी १० मिनिटं दाबून धरा, मध्येमध्ये उचलून बघू नका. ओठाला, गालाला बाहेरून थंड शेक द्या. आता आरसा घ्या.

कुठवर तुटलंय, ते रंगावरून कळतं

तुकडा केवढा पडला यापेक्षा दात किती खोलवर तुटला, हे मी आधी बघते. ही खोली दुखण्यावरून ओळखता येत नाही. जवळजवळ अर्धा दात गेलेला माणूस ‘दुखत तर काही नाही’ म्हणत शांत बसलेला असतो, आणि एवढासा कोपरा उडालेल्याला गार हवासुद्धा सोसवत नाही.

दाताच्या वरच्या कवचाला एनॅमल म्हणतात. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून ते स्वतः दुखत नाही आणि एकदा तुटलं की भरूनही येत नाही. मोडलेलं हाड सांधतं, एनॅमल सांधत नाही. त्याखाली पिवळसर डेंटिन असतं, आणि त्यातून अतिसूक्ष्म नळ्या आतल्या बाजूला जातात. मधोमध पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा. ‘नस उघडी पडली’ असं आपण म्हणतो ते याच्याबद्दल.

टॉर्चच्या उजेडात तुटलेली कड नीट बघा. कड नुसती पांढरी असेल आणि जिभेला खरखरीत लागण्यापलीकडे काही त्रास नसेल, तर फक्त एनॅमल गेलंय. काही दिवसांत सवडीने दाखवा. पांढऱ्या कडेच्या आत पिवळसर भाग दिसत असेल, गार पाण्याने कळ येत असेल, तर डेंटिन उघडं पडलंय. एक-दोन दिवसांत ते झाकून घ्या. कळ सोसवते म्हणून लोक अंगावर काढतात, आणि तेवढ्या वेळात त्या उघड्या नळ्यांतून जंतू आत सरकतात. आणि पिवळ्या भागाच्या मध्ये गुलाबी किंवा लाल ठिपका दिसला, भले टाचणीच्या टोकाएवढा का असेना, तर पल्प उघडा पडलाय. त्याच दिवशी दाखवायचं. दुखत नसलं तरी त्याच दिवशी. त्या ठिपक्याला बोट, कापूस, काडी काहीही लावू नका.

फोनने दोन फोटो काढून ठेवा, एक समोरून आणि एक खालून. दवाखान्यात फोन कराल तेव्हा नुसतं ‘दात तुटलाय’ म्हणू नका. ‘आत लाल ठिपका दिसतोय’ किंवा ‘दात हलतोय’ असं सांगितलंत तर पलीकडच्याला घाई कळते आणि वेळही तशी मिळते.

दवाखान्यात पोचेपर्यंत

टोकदार कड जीभ आणि गाल सोलून काढते. तिच्यावर ब्रेसेससाठी मिळणारं मेण दाबून लावा, नाहीतर साखर नसलेलं च्युइंगगम मऊ करून लावा. दाढेतलं जुनं फिलिंग निघून खड्डा पडला असेल तर औषधाच्या दुकानात तात्पुरतं भरायचं सिमेंट मिळतं. डब्यावर लिहिलेल्या पद्धतीने ते भरता येतं, पण लाल ठिपक्यावर नको. घरातला झटपट चिकटणारा गोंद दाताला कधीही लावू नका. त्याने हिरडी भाजते, तुकडा वाकडा बसतो, आणि तो काढताना चांगला दातही घासावा लागतो. नखांच्या कानशीने कड घासणंही नको. हादऱ्याने चीर वाढते आणि किती घासलं जातंय याचा अंदाज येत नाही.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, पाकिटावरच्या मात्रेतच. मूत्रपिंडाचा किंवा आम्लपित्ताचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. १६ वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशेजारी दाबून ठेवणारे अजून भेटतात. त्या जागी हिरडी पांढरी पडून सोललेली असते, कारण ते आम्ल आहे. गोळी गिळायची असते. लवंगेचं तेलही तुटलेल्या दातावर लावू नका. उघड्या पल्पला आणि हिरडीला ते झोंबतं, शिवाय त्यातलं युजेनॉल दाताला लागून राहिलं तर तुटलेला भाग भरायला आणि चिकटवायला आम्ही वापरतो ते रेझिन (दाताच्या रंगाचं, घट्ट होणारं साहित्य) नीट घट्ट होत नाही, म्हणजे ज्या दाताला चिकटवायचं तोच बिघडून बसतो.

त्या बाजूने चावू नका, फार गार आणि फार गरम टाळा. दात घासणं मात्र थांबवू नका, मऊ ब्रशने घासा.

मुलांचे दात

लहान मुलांत सर्वांत जास्त तुटतात ते वरचे समोरचे दोन दात, आणि ते पुढे आलेले असतील तर जास्तच. हे पक्के दात साधारण ७-८ व्या वर्षी येतात, पण त्यांची मुळं पूर्ण व्हायला पुढे आणखी दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळ असतात. म्हणून आठ वर्षांच्या मुलाच्या दाताचा पल्प उघडा पडला तर तो जिवंत ठेवणं हेच खरं काम असतं, कारण मूळ तोच वाढवतो.

आईवडील ‘रूट कॅनल (म्हणजे आतला सगळा पल्प काढून मूळ भरणं) करावं लागेल ना?’ असं विचारत येतात. पुष्कळदा लागत नाही. पल्पचा वरचा दोनेक मिलिमीटर भाग काढून त्यावर औषधी थर द्यायचा आणि दात बंद करायचा, अशी पद्धत आहे. स्वीडनमधल्या मिओमिर स्वेक यांनी १९७८ मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरून तिचे निष्कर्ष मांडले. आता त्या जागी बहुधा कॅल्शियम सिलिकेटची सिमेंटं वापरतात. त्या खुर्चीत रडवेलं बसलेलं मूल तीन वर्षांनी येतं, एक्स-रेत मूळ पूर्ण वाढलेलं दिसतं, आणि मला तो एक्स-रे पुनःपुन्हा बघावासा वाटतो. एवढ्यासाठीच मी लाल ठिपक्याला त्याच दिवशी आणा म्हणते.

अख्खा दात मुळासकट निघून आला तर नियम वेगळे आहेत, आणि इथे मिनिटं मोजायची असतात. पक्का दात असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा सलाइनने अलगद धुवा, मूळ खरवडू नका, आणि दात सुलटा धरून त्याच खाचेत बसवा. कापडाच्या घडीवर दात मिटायला सांगून तसेच दवाखान्यात या. बसवायचं धाडस झालं नाही तर दुधात ठेवून आणा. तुटलेल्या तुकड्याला पाणी चालतं, अख्ख्या दाताला चालत नाही. मुळावरच्या जिवंत पेशी साध्या पाण्यात फुटतात. कोरड्या दातावरच्या बहुतेक पेशी तासाभरात मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. दुधाचा दात तुटला, हलला, आत घुसला तरी दाखवून घ्या, पण घरी काही करू नका.

दाढेतली चीर, जी दिसत नाही

टवका उडाला तर निदान दिसतो. चीर दिसत नाही, आणि लोक तिच्यासोबत महिनोन्‌महिने काढतात. गार लागतं, मग लागत नाही. चावताना एकदम सणक येते आणि पुढच्या घासाला काहीच नाही. कुठली दाढ, तेही सांगता येत नाही, बोट गालावरून नुसतं फिरत राहतं. एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. चीर सहसा दाढेत पुढून मागे जाते, एक्स-रेचा किरण गालाकडून जिभेकडे जातो, तो चिरेवर आडवा पडतो आणि फटीची रेघ उमटत नाही. त्यामुळे ‘काही नाहीये’ ऐकून परत गेलेले पेशंट बरेच असतात. अमेरिकेतल्या कॅमेरॉन यांनी १९६४ मध्ये या तक्रारींना ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ असं नाव दिलं, आणि आजही निदान बरंचसं पेशंटच्या सांगण्यावरच उभं राहतं.

म्हणून येण्याआधी दोन-तीन दिवस नीट लक्ष द्या. कळ चावताना येते की चावा सोडताना? गार लागलं तर लगेच थांबतं की मिनिटभर ठणकत राहतं? गरमही लागतं का? झोपेतून जाग येते का? हे लिहून आणा. चावा सोडताना येणारी कळ ही चिरेची मोठी खूण. चावताना दोन भाग किंचित फाकतात, सोडताना झटकन मिटतात, नळ्यांमधला द्रव हलतो आणि नस ओरडते. गार लागून लगेच शमत असेल तर पल्प वाचण्याची आशा बरी असते. ठणका रेंगाळत असेल, गरमही लागत असेल, तर पल्प बहुधा वाचत नाही.

तपासताना मी प्लास्टिकची छोटी काडी दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवते. ‘चावा. आता सोडा.’ पहिला उंचवटा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यावर चावतानाही काही नाही, पण सोडताना डोळे गच्च मिटतात आणि हात आपोआप गालाकडे जातो. मग त्या बाजूने बारीक दिवा लावायचा. निरोगी दातात उजेड आरपार पसरतो, चीर असेल तर तिथपर्यंत येऊन थांबतो, दाताचा एक भाग उजळतो आणि दुसरा काळोखा राहतो. कधी निळा रंग लावून रेघ उठवावी लागते, कधी जुनं फिलिंग काढल्यावर तळाशी ती दिसते. शेवटी हिरडीची खोली मोजायची. सगळीकडे २-३ मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी एकदम ७-८, असं आलं की चीर मुळात उतरली असल्याची दाट शंका येते.

समोरच्या दातांवर उजेडात दिसणाऱ्या उभ्या बारीक रेघा म्हणजे ही चीर नव्हे. मोठ्या माणसांत त्या सर्रास असतात, फक्त एनॅमलमध्ये असतात, आणि दुखत नसतील तर त्यांना काही करायचं नसतं.

दाढेची चीर भरून येत नाही, तिला फक्त थांबवता येतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, तसं काम कॅप करते: चारही बाजूंनी आवळून धरते, म्हणजे चावताना दोन भाग फाकत नाहीत. मी आधी तात्पुरती कॅप किंवा धातूची पट्टी बसवून काही आठवडे बघते. दाढ शांत झाली तर पक्की कॅप. ठणका वाढला तर रूट कॅनल आणि मग कॅप. ‘दात जिवंत आहे तर घासायचा कशाला’ म्हणून कॅप टाळणाऱ्यांची घालमेल मला समजते, पण उघडी चीर रोजच्या चावण्याने पुढेच जाते. दाढ मुळापर्यंत दुभंगली की ती सहसा काढावीच लागते. म्हणून रूट कॅनल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: चीर कुठवर गेलीय, तळापर्यंत गेल्याची काही खूण आहे का, आणि असेल तर ही दाढ किती टिकेल? या प्रश्नाने चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

चीर पडते कुणाला? झोपेत दात खाणाऱ्यांना, मोठं जुनं फिलिंग असलेल्यांना, बर्फ चावणाऱ्यांना, दातांनी बाटलीचं झाकण उघडणाऱ्यांना. रूट कॅनल करून कॅप न लावलेली दाढ तर चिरण्याची वाटच बघत असते. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असेल, दात सपाट झिजले असतील, तर रात्री घालायचा नाईट गार्ड मापाने करून घ्या. अंगाला अंग भिडतं अशा खेळांत माउथगार्ड घाला, विशेषतः वरचे दात पुढे असतील तर.

जोडलेल्या दाताची काळजी

तुटलेल्या कोपऱ्यावर दाताच्या रंगाचं रेझिन चिकटवणं ही आता तासाभराची गोष्ट आहे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने एनॅमलवर सूक्ष्म खाचा पाडून रेझिन धरतं हे दाखवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. या कामाचा शत्रू लाळ. म्हणून मध्ये बोलू नका, तोंड मिटू नका, हात वर करून खूण करा. आपलाच तुकडा बसवतानाही जवळपास हीच रीत.

तो दात नंतर रोजच्या वापराला चालतो, पण नखं कुरतडायला, पेन चावायला, दोरा तोडायला आता तो वापरायचा नाही. कड निघाली तर पुन्हा लावता येते, ती निघाल्याचं कळवायला मात्र लाजू नका.

आणि ठरलेल्या तपासणीला या. मार बसलेल्या दाताचा पल्प हळूहळू, न दुखता मरू शकतो. म्हणून साधारण ६ ते ८ आठवड्यांनी आणि मग १ वर्षाने थंड लावून आणि एक्स-रे काढून बघतात. मधल्या काळात दात करडा किंवा काळपट होऊ लागला, हिरडीवर पुळी येऊन फुटली, चावताना दात उंच लागू लागला, तर त्या तारखेची वाट बघू नका. चेहरा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर वेळ न घालवता हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.